साक्षीदार 'अ'

हे मी परवापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, पैठणच्या थोरल्या भावाला नाही. नजमाबीच्या तडीपारीच्या आदेशात दुसऱ्या पानावर लिहिलंय : 'साक्षीदार अ याने नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर सांगितले की, सदर महिला फेरीवाल्यांना चिथावणी देते व तिच्या दहशतीमुळे कोणी उघडपणे बोलत नाही.' तो साक्षीदार अ म्हणजे मी. पन्नाशीला आलेला, गुलमंडीत हातगाडीवर रुमाल-मोजे विकणारा माणूस. नजमाबीची मला दहशत नव्हती. कुणालाच नव्हती. ती बांगड्या विकायची.

सुरुवात बुटापासून झाली.

ठाण्यात मला भिंतीशी उकिडवं बसवलं होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. माझ्या मालाचं गाठोडं टेबलावर सोडलेलं. साहेब माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. त्यानं एका पाकिटातून पांढरा रुमाल काढला आणि माझ्या अंगावर टाकला.

"पूस."

मी तोंड पुसलं. खोलीतले सगळे हसले.

"थोबाड नाय रे. बूट."

मी पुसला. उजवा झाल्यावर त्यानं डावा पुढं केला. तोही पुसला. मग म्हणाला, "आता घडी घाल, पाकिटात ठेव. गिऱ्हाइकाला वीक." मी घडी घातली. कोपऱ्याला कोपरा लावून, नीट, रोज घालतो तशी. बूट पुसल्याची नाही, त्या नीट घातलेल्या घडीची मला अजून किळस येते.

मला तिथं का नेलं, ते सांगतो.

गुलमंडी ते शहागंज आम्ही पन्नास-साठ गाडीवाले. आमच्यात अध्यक्ष नव्हता. आधी होते. एक पक्षात गेला. दुसऱ्यानं पार्किंगच्या ठेकेदाराशी परस्पर बोलणी केली आणि निम्म्या गाड्या उठवून दिल्या. तिसरा नको, असं आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं. नजमाबी म्हणाली होती, "साहेब लोगां बाहर क्या कम हैं, घर में एक और पालना?"

मग दोनच गोष्टी ठरल्या. कुणाचीही गाडी उचलली की सगळ्यांनी आपापली गाडी सोडून महापालिकेच्या ट्रकपुढं जाऊन बसायचं. गाडी खाली उतरेपर्यंत उठायचं नाही. आणि अधिकाऱ्यांशी बोलायला रोज एक जण, नंबरानं. ज्याचा दिवस असेल त्याच्या गाडीच्या छत्रीला पिवळं फडकं. यादी नाही, वही नाही, सही नाही. बाहेरच्यांना वाटायचं, माल पुसायचं फडकं आहे.

त्या बुधवारी दिवस माझा होता. सकाळीच कळलं, ट्रक येतोय, सोबत बंदोबस्त आहे. रस्त्याची आमची बाजू मोठ्या दुकानांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी ठेक्यानं दिली होती. मी फडकं सोडलं आणि नजमाबीकडं गेलो.

"आपा, आज तुम्ही बोला. पोरीच्या कॉलेजात जायचंय मला."

कुठलं कॉलेज. मला कुठंच जायचं नव्हतं.

"बांधो भाऊ," ती म्हणाली. "कोई भी बोले, बात तो एकच है."

मी तिच्या छत्रीला फडकं बांधलं आणि दोन गल्ल्या पलीकडं चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. ती बोलली. आवाज न चढवता बोलली. लोक बसले. ट्रक रिकामा परत गेला.

तीन दिवसांनी मला उचललं. मलाच का? आधी कोण वाकेल, हे त्यांना बरोबर कळतं.

"लीडर कोण तुमचा?"

"कुणी नाय साहेब."

"बिनालीडरचं काय असतं? बकऱ्यांत पण एक पुढं चालणारी असते."

त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्या कागदावर 'म्होरक्या' असा रकाना होता आणि तो भरायचा होता. बूट पुसून झाल्यावर त्यानं मला उठवलं, खुर्ची दिली, चहा मागवला. आडनाव विचारलं. गाव विचारलं.

"पैठणकडचे? मग आपलेच की. तू आपला माणूस, अन् त्या बाईच्या मागं बसतो व्हय रे? पोरगी कॉलेजात आहे ना तुझी? शहर कसं झालंय, बघतोस ना?"

आता खरं सांगतो. मला बरं वाटलं. पाच मिनिटांपूर्वी ज्याचे बूट पुसले, त्यानं आपला म्हटलं आणि माझ्या छातीत ऊब आली. चहा गोड लागला. भीतीनं वाकलो म्हटलं असतं तर निदान थोडी लाज झाकली असती. मी नुसता भीतीनं वाकलो नाही. मी आपला झालो म्हणून बोललो. जात, गाव, धर्म, सगळं त्या एका कपात होतं आणि मी ते पिलो.

"पिवळं फडकं ज्याच्या गाडीला, तो बोलतो," मी सांगितलं. "त्या दिवशी नजमाबीच्या गाडीला होतं."

शब्द न् शब्द खरा. दिवस मुळात कुणाचा होता, हे त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. चिथावणी, दहशत, ते त्यानं घातलं. वाचून दाखवलं. "नाव नाय येणार. अ लिहितो." मी सही केली.

नजमाबीला एक वर्ष जिल्ह्याबाहेर काढलं. ती अंबडला बहिणीकडं गेली. निघताना कुणीतरी म्हणालं, हा अ कोण ते शोधू. ती म्हणाली, "ढूंढो नको. एक-दुसरे पे शक करने लगे, तो गाडियां हम खुदच उठवाएंगे." बांगड्यांची पेटी एसटी स्टँडपर्यंत मी उचलली. "जपून भाऊ, काच है," ती म्हणाली. मी पेटी जपून ठेवली.

चार महिन्यांनी साहेबानं परत बोलावलं. आता नोंदणीची संघटना काढायची होती. अध्यक्ष मी. गळ्यात ओळखपत्र, फेरीवाल्यांच्या नव्या झोनमध्ये पहिली जागा. फक्त अजून एक जबाब हवा होता, चपलावाल्या गौतमवर. नजमाबीला काढल्यावरही तो भीत नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. कागद टाइप करून तयार होता. मी वाचला. तीच वाक्यं. चिथावणी तीच, दहशत तीच. बाईच्या जागी बाप्या केला होता. नव्या माणसासाठी नवं खोटं लिहायचीही त्याला गरज वाटली नव्हती.

"सही नाय देत."

"काय?"

"नाय देत. अन् मागचा जबाब खोटा आहे. तेही लिहून घ्या."

त्यानं पेनाचं टोपण लावलं. "अध्यक्षसाहेब तापले," म्हणाला. दारातला शिपाई एकटाच हसला. मग साहेबानं उठून कानाखाली मारली. "नीघ. गाडी बघतो तुझी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक आला. फक्त माझी गाडी उचलली. मी कुणाला हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार? पण गौतमनं चपला उघड्यावर टाकल्या आणि ट्रकपुढं बसला. मग फळवाले, कटलरीवाले, सगळे. तापल्या डांबरावर. मीही त्यांच्यात बसलो. गौतम म्हणाला, "मामा, पाय जवळ घ्या, चाक जवळंय." दोन तासांनी गाडी खाली उतरली.

संध्याकाळी अंबडहून फोन आला. "भाऊ, तुमची गाडी उठाए बोलके सुनी. मैं आती थी बैठने, पर हद में आ नै सकती ना."

परवा मी तिच्या वकिलाकडं जाऊन सगळं लिहून दिलं. नाव, पत्ता, बूट, चहा, फडकं. वकील म्हणाले, "हे तुमच्यावर उलटेल." उलटू द्या म्हटलं. शुक्रवारी आमची बैठक आहे, तिथं सगळ्यांपुढं सांगणार आहे. त्यांनी काढलं तर निघेन. पण कुणाचीही गाडी उचलली की ट्रकपुढं येऊन बसेन, कुणी जवळ बसू दिलं नाही तर लांब बसेन. कुठल्याच साहेबाचा आपला माणूस आता मी होणार नाही.

माफी मागणार नाही. मागितली की ती द्यायची का नाही, हे नजमाबीला ठरवावं लागेल. तेवढंही ओझं तिच्यावर टाकायचं नाही.

अंबडला एसटी दिवसभर असतात. मी अजून एकीतही बसलेलो नाही. तिच्यासमोर बसून, 'आपा, तो दिवस माझा होता, अन् अ पण मीच,' हे तोंडानं सांगणं मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.