ताईची ओवी आणि चार दांड्या

ताईच्या ओव्या रेडिओवर लागल्या तेव्हा मी गॅलरीत तार धरून उभी होते. मला एक शब्द ऐकू आला नाही.

ताई माझी थोरली बहीण. मेहुणे सिमरोलला मास्तर होते, तेव्हापासून ती तिथलीच. आमची आई दळताना ओव्या म्हणायची. मी चौथीनंतर शाळा सोडली, ओव्याही सोडल्या. ताईने त्या धरून ठेवल्या, वर स्वतःच्या रचल्या. सिमरोलच्या पुढे एका खेड्यात लोकांनी मिळून छोटं रेडिओ केंद्र काढलं होतं. त्यांनी तिला जात्यासकट बोलावलं. कार्यक्रम थेट होता, पुन्हा लागणार नव्हता. तिचा फोन आला.

"छोटी, उद्या दुपारी लाव बरं का. तुझ्यावर एक रचलीय."

"माझ्यावर? काय रचलीस?"

"आत्ता सांगितली तर तिथे काय म्हणू?"

माझ्यावर आजवर कुणी काही रचलेलं नाही. भांडणात शिव्या रचल्या असतील तेवढ्या. मला ती ओवी ऐकायची होती.

पण केंद्र लहान, त्याचा आवाज आमच्या मल्हारगंजपर्यंत धड येत नव्हता. त्यात आमची गल्ली अरुंद, समोर चार मजली घर. मुलाने दिलेल्या सेटला छोटा पडदा आहे. सिग्नल किती येतो ते त्यावर दांड्यांनी दिसतं, मोबाइलवर दिसतं तसं. फक्त चार दांड्या. माझे यजमान पोलोग्राउंडच्या कारखान्यात मशीनचा काटा बघत म्हातारे झाले. तिथल्या आवाजाने कान गेले, काट्यावरचा विश्वास राहिला. कानात यंत्र घालतात तरी अर्धंच ऐकू येतं. म्हणून रेडिओही ते डोळ्यांनीच लावतात.

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळं घर फिरलो. फ्रिजजवळ एक दांडी. चार्जर काढून सेलवर लावला तर दोन. ट्यूबलाइट बंद केली, खरखर थोडी कमी झाली. मग यांनी तांब्याची तार सेटच्या एरियलला गुंडाळली आणि गॅलरीत नेऊन कठड्याला बांधली. तीन झाल्या. मी तार सोडवून हातात घेतली, स्टुलावर चढून हात वर केला, तर चार!

"तशीच थांब," हे ओरडले. "हलू नको."

मी तार झाडूच्या काठीला बांधून उभी केली. दोनवर आल्या. पुन्हा हातात घेतली की चार. म्हणजे माणूस लागत होता. यांचे गुडघे गेलेले, स्टुलावर चढणं यांना जमणार नव्हतं. सेट गॅलरीत आणावा तर खाली हमालांची ओरड, रिक्षांचे भोंगे, त्यात त्या बारीक आवाजाचं काय होणार? तेव्हा सेट आत, हे आत, मी बाहेर. मी म्हटलं, दार उघडं ठेवा, मलाही येईल ऐकू.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम सुरू झाला आणि यांनी दार लावून घेतलं. रस्त्याचा आवाज आत येतो म्हणून. मी स्टुलावर, हात वर, पदर खांद्यावरून घसरतोय. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली.

"आंटीजी, कपड़े सुखा रही हो कि खुद सूख रही हो?"

"रेडिओ लगा रही हूँ."

"हाथ से?"

ती हसत आत गेली. मी दार वाजवलं, तर आतून हे ओरडले, "अगं, हलू नको, तीन झाल्या!" मी तशीच उभी राहिले. वाटलं, मी हात सोडला तर यांनाही ऐकू येणार नाही, मग कुणालाच नाही. एकाने तरी ऐकावं आणि मला सांगावं.

संपल्यावर आत गेले. हे खूश.

"शेवटपर्यंत चार. एकदाच काय ती घसरली."

"माझी ओवी काय होती?"

"तुझं नाव आलं होतं."

"पुढे?"

"पुढे ते गाणं चाललं होतं ना." यंत्र कानातून काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "छान होतं."

बहिऱ्याशी भांडायचं तर ओरडावं लागतं, आणि माझा हात ठणकत होता.

ताईला फोन केला. ती चिडली. "सगळ्या सिमरोलनं ऐकलं, तुलाच ऐकू आलं नाही?" तिचंही बरोबर होतं. मी म्हटलं, आता म्हण. ती म्हणाली, "फोनवर ओवी येत नाही गं. माझ्या नातीच्या लग्नात हळद दळायला बसू, तेव्हा दोघी मिळून म्हणू."

लग्न दिवाळीनंतर होतं. दिवाळीच्या आधीच ताईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हळद दळली दुसऱ्या बायकांनी, मोबाइलवर गाणी लावून. तिने ओवी कागदावर कधी उतरवलीच नव्हती, आणि आता तिच्या हाताने पेन धरवत नाही. केंद्रात विचारलं, त्यांनी ध्वनिमुद्रण ठेवलं नव्हतं. ताईच्या शेजारणी माळवी बोलणाऱ्या, मराठी त्यांना अर्धीच कळते. त्यांना विचारलं तर म्हणतात, "अच्छी थी, दोनों बहनों की थी."

मी महिन्यातून एकदा सिमरोलला जाते. ताईला सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही. जाताना बसमध्ये एक ओवी जुळवते. मला धड जमत नाही. तिच्या खाटेशी बसते, म्हणून दाखवते आणि विचारते, "ही होती का?"

ती मान हलवते. नाही.

"जवळपास तरी?"

तेही नाही. मग मी तिला चहा पाजते आणि परतीची बस धरते.