थोड्या चिप्स उरल्यावर

माझा मामा चष्म्याच्या काचा घासायचा. बाजारामागच्या गल्लीत त्याचा एका खोलीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर एक फिरतं चाक, त्यावर टपटपणारी पाण्याची नळी आणि खिडकीपाशी ओळीने ठेवलेल्या रिकाम्या फ्रेमा. दुकानदार नंबर पाठवायचे, मामा काचा पाठवायचा. दिवसभरात चार शब्द बोलला तर तोंड दुखलं म्हणायचा.

त्याचं तोंड उघडायचं ते रविवारी दुपारी, बेकरीच्या वरच्या हॉलमध्ये. तिथे पोकरची स्पर्धा व्हायची. सगळ्यांना सुरुवातीला सारख्या चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या चकत्या, मिळायच्या. त्या संपल्या की उठायचं, पुन्हा मिळायच्या नाहीत. शेवटी जो उरेल त्याला एक कप. असले कप आमच्या मामाने बरेच आणले होते आणि मामी त्यांत कपड्यांचे चिमटे ठेवायची. हॉलमध्ये त्याला सगळे डिंक म्हणायचे, कारण एकदा खुर्चीला चिकटला की सुटायचा नाही.

नव्या माणसाला तो आपणहून शिकवायला बसायचा. त्याचं म्हणणं असं, की अर्धी स्पर्धा होईपर्यंत गप्प बसावं. उतावळे एकमेकांशी भांडून आपोआप बाहेर पडतात, सुंठीवाचून खोकला जातो. पण शेवटाकडे खेळ बदलतो. दर डावाला दोघांना पाळीपाळीने, पानं बघण्याआधीच काही चिप्स मध्ये टाकाव्या लागतात. त्याला ब्लाइंड म्हणतात, आणि स्पर्धा जसजशी पुढे जाते तसतसा तो वाढत जातो.

"म्हणजे नुसतं बसायचंही भाडं आहे," मामा सांगायचा. "आणि मालक ते वाढवत राहतो. म्हणून चिप्स थोड्या उरल्या की चांगल्या पानांची वाट बघायची नाही. समोरच्याला तुमची भीती वाटतेय तोवर सगळं पुढे सारायचं; घाबरून तो पानं खाली ठेवतो, डाव सोडतो. अगदी चिमूटभर उरल्यावर सारलंत तर कोण घाबरणार? हसत हसत तुमची पानं बघतील आणि तुम्हाला घरी पाठवतील."

हे त्याने इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की खाली पाव भाजणाऱ्यांनाही ते पाठ झालं असावं.

मामीला आधी पत्त्यांचा तिटकारा होता. मग तिच्या लक्षात आलं, की या माणसाशी बोलायचं तर त्याच्याच भाषेत बोलावं लागणार. तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बटणांच्या चिप्स करून ती खेळायला शिकली. जिंकायची क्वचित. पण जे हॉलमधल्या कुणालाही कधी दिसलं नाही, ते तिला दिसलं होतं. मामाच्या हातात भिकार पानं असली आणि तो थाप मारत असला, की तो चष्मा काढून पुसायचा. काचा घासणाऱ्याने चष्मा पुसला तर संशय कुणाला येणार?

"त्यांना सांगू नकोस हं," मामी मला म्हणाली होती. "नाहीतर पुसायचे थांबतील. मग मी काय बघू?"

मामीच्या हृदयाची झडप बिघडली तेव्हा मी त्यांच्याकडेच राहत होते. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. ऑपरेशनमध्ये धोका आहे, टेबलावरच काही होऊ शकतं. नाही केलं तर गोळ्यांवर काही काळ निघेल, पण शरीर थकत जाईल, आणि पुढे ऑपरेशन करायचं म्हटलं तरी ते सोसणार नाही. विचार करून सांगा, त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी टेबलाशी मटार सोलत होते. मामा समोर बसला होता. मामीने गॅस बंद केला, हात पुसले आणि त्याच्याशेजारी येऊन बसली.

"अहो, समजा तुम्ही टेबलावर आहात. चिप्स थोड्या उरल्यात. पानंही धड नाहीत. काय कराल?"

उत्तर मला ठाऊक होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. मामाने चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने एक काच पुसली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

"थांबेन," तो म्हणाला. "चांगली पानं येईपर्यंत थांबेन."

मामीने त्याच्या हातातल्या चष्म्याकडे बघितलं.

"बरं. मग थांबू या."

"मामा, अरे तू तर सगळ्यांना..." मी सुरू केलं.

"तू मटार सोल," मामी म्हणाली.

मला असा राग आला होता! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. अख्ख्या हॉलला शहाणपण वाटणारा माणूस स्वतःच्या बायकोला सरळ चुकीचं सांगत होता आणि ती ते मुकाट्याने ऐकत होती. दोघांच्या मध्ये बोलायची मला मुभा नव्हती. मी दाणे भांड्यात आपटत राहिले.

मग भाडं वाढत गेलं. आधी मामीचा बाजार सुटला, मग जिना. मग स्वयंपाकघरात उभं राहणं सुटलं आणि ती खुर्चीत बसून मला भाजी सांगू लागली, मीठ किती ते बोटांनी दाखवू लागली. पुढे खुर्चीही सुटली. मामा कारखाना लवकर बंद करून घरी यायचा, तिच्या पलंगावर बटणं मांडायचा. ती दोन डाव खेळून दमायची. "आज बरी दिसतेस," तो म्हणायचा आणि चष्मा काढायचा.

एक दिवस तो कुणाला न विचारता मला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "करून टाका ऑपरेशन. आम्ही तयार आहोत."

बाईंनी त्याला बसायला लावलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता त्यांच्यात ती ताकद उरली नाही. तेव्हा यायला हवं होतं."

बैल गेला अन् झोपा केला, तशी गत. बाहेरच्या बाकावर मामा हात मांडीवर उपडे ठेवून बसून राहिला. मी त्याच्यावर ओरडायचं ठरवून आले होते. त्याचे ते हात बघितले आणि माझ्याने ओरडवलं नाही.

घरी आल्यावर तो तडक मामीच्या पलंगापाशी गेला. मी दारात उभी होते.

"त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं," तो म्हणाला.

"माहीत आहे. चष्मा पुसत होतात."

"चष्मा?"

"हातात काही नसलं की पुसता. पहिल्यापासून."

इतकी वर्षं हॉलमधल्या भल्याभल्यांना चकवणारा माणूस घरात रोज पकडला जात होता.

"मग ऐकलंस कशाला माझं?"

"मलाही भीतीच वाटत होती हो." मामी थोडं हसली, त्यानेही तिला धाप लागली. "कुणीतरी थांब म्हणावं, एवढंच हवं होतं. तुम्ही म्हणालात. मी पडत्या फळाची आज्ञा घेतली."

त्याने तिचा हात धरला. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. दोघांचीही पानं दोघांना ठाऊक होती आणि दोघांनीही ती खाली ठेवली होती. माझा राग कुठे ठेवावा तेच मला कळेना. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी, मामा तिची उशी सारखी करत असताना मामी गेली.

पुढे कितीतरी महिने मामा हॉलकडे फिरकला नाही. शेवटी एका रविवारी मीच त्याला ओढत नेलं. जुनी माणसं सरकून बसली, त्याला त्याची खुर्ची मिळाली. तो नेहमीसारखा चिकटून खेळला आणि शेवटच्या टेबलापर्यंत पोचला. पण पानं येत नव्हती, चिप्स कमी होत होत्या. आता डिंक सगळं पुढे सारणार म्हणून समोरचे सावध झाले होते.

त्याने सारलं नाही. दर डावाला पानं बघायचा आणि खाली ठेवायचा. ब्लाइंडमागून ब्लाइंड जात राहिले. ढिगाऱ्याची चळत झाली, चळतीच्या चार-दोन चिप्स झाल्या.

बेकरीवाल्याला राहवेना. "डिंकराव, सारा ना आता! अजून घाबरतो आम्ही तुम्हाला. तुमचाच नियम आहे ना?"

"नियम बरोबरच आहे," मामा म्हणाला. "पण बसू दे मला थोडा वेळ."

मग पानं वाटणाऱ्याने हात सावकाश केला. शेवटची चिप गेली तेव्हा मामा उठला, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि माझ्याबरोबर जिना उतरला. खाली उजेडात बघितलं तर त्याचा चष्मा खरोखरच ओला होता. मी रुमाल पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. "बघणारी गेली."