ढोल्याच्या पाठीवरची नोटीस

किसनभाऊ गेल्याचा फोन सकाळी आला तेव्हा मी बैठकीला निघाले होते. धानोऱ्याहून आमची अंगणवाडी सेविका सुनंदा बोलत होती. "बाई, किसनभाऊ गेले... झोपेतच." मी खुर्चीत बसले आणि डायरी उघडली. काय लिहायचं होतं, ते आजही सांगता येणार नाही.

भाऊ आश्रमशाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या अंगणवाड्यांच्या भिंती रंगवायला घेतल्या आणि ढोल्या जन्माला आला. ढोल्या म्हणजे मोहफुलं खाऊन पोट सुटलेलं अस्वल. कुठे हात धुतंय, कुठे आकडे मोजतंय. प्रत्येक भिंतीवर जाणं भाऊंना जमेना, म्हणून ते खाके करून द्यायचे. जाड खाकी कागदावर ढोल्या काढायचा, कागद टिकावा म्हणून मागे खळ लावून वर्तमानपत्र चिकटवायचं, मग रेघेवर टाचणीनं आरपार भोकं पाडायची. सेविकेनं खाका भिंतीला धरून गेरूची पुरचुंडी आपटली की ठिपक्यांचा ढोल्या उमटे. मग रेघा जोडायच्या. पर्यवेक्षिका म्हणून कुठला खाका कुठे दिला, याची यादी माझ्याकडे असे.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र भाऊ हाताबाहेरचे. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मी दरवर्षी त्यांच्या मागे लागायची. "मी जित्ता आहो हे सरकारले दिसत नाई काय?" असं विचारून ते पुन्हा टाचणी उचलायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी पेपरात वाचलं, की परदेशातली काही जुनी कार्टून कॉपीराइटमधून सुटली, आता ती कोणीही काढू शकतं. मला म्हणाले, "बाई, माह्या ढोल्याचं कसं?" मी माहिती काढून सांगितलं. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांचा. भाऊंचे वारस म्हणजे चार पुतणे, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

"साठ वर्ष? आज भिंतीपाशी बसून राह्यले ते पोरं म्हातारे होतीन! माह्यामागं त्याले काऊन कोंडून ठेवता? आताच सोडा."

सोडता येत होतं. चित्रकारानं स्वतः पेपरात जाहीर नोटीस देऊन हक्क सोडल्याचं कळवलं की झालं. मी मसुदा लिहून त्यांच्या हाती दिला. पेपरच्या कचेरीत मीच जाते म्हटलं, तर म्हणाले, "ढोल्या माहा आहे, मीच जातो." मी डायरीत 'जाहीर नोटीस' लिहून पुढे बरोबरची खूण केली... काम झालं म्हणून नाही, माझ्याकडचं संपलं म्हणून. हयातीचा दाखला स्वतःहून कधी न दिलेल्या माणसावर विसंबून मी ती खूण केली होती.

ते गेल्यावर पंधरवड्यात वरून सूचना आली. भिंतींवरच्या चित्रांना हक्कदाराची लेखी परवानगी हवी. नसेल तर चुना मारा. डायरीत खूण होती, कात्रण कुठेच नव्हतं. नोटीस निघाली नसेल तर चारही पुतण्यांच्या सह्या लागणार, आणि ते चौघे एका कागदावर येणं कठीण. मी राजुऱ्याला थोरल्या पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "नोटीस मले नाई माहीत, बाई. मागच्या उन्हाळ्यात काकानं एकाच दिवसाच्या पेपरचा गठ्ठा आणला होता. मी म्हटलं, कुंचले पुसाले एवढे? तर मने, तुले नाई समजत."

दुसऱ्या दिवशी चुना मारण्याआधी भिंतींचे फोटो घ्यावेत म्हणून मी धानोऱ्याला गेले. सुनंदा तोंड पाडून बसली होती. "बाई, पोरं आल्या आल्या ढोल्याच्या पोटाले हात लावतेत. त्याईले काय सांगू?" मी भिंतीचे फोटो घेतले. यादीप्रमाणे खाका परत घ्यायचा म्हणून खुंटीवरून काढला आणि गुंडाळायला उलटा केला.

मागे चिकटवलेल्या वर्तमानपत्रावर, बरोबर ढोल्याच्या पोटाच्या जागी, चौकट होती. जाहीर नोटीस. माझाच मसुदा, भाऊंचं नाव, वर पेपरची तारीख. फक्त एक वाक्य त्यांनी आपलं घातलं होतं: हे अस्वल आजपासून ज्याच्या भिंतीवर बसेल त्याचं.

मी तिथूनच आणखी दोन सेविकांना फोन केले. "खाका उलटा करून बघा." दोघींकडे तेच पान, तीच चौकट. ज्याच्या हाती चित्र, त्याच्या हाती परवानगी. नोटिशीनंतरचे हे नवे खाके मीच मोजून वाटले होते, प्रत्येकापुढे खूण केली होती, आणि एकही उलटून पाहिला नव्हता. मी मुलांच्या सतरंजीवर बसले आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. सुनंदा घाबरून पाणी घेऊन आली.

त्या पानाची प्रत वर पाठवली. चुना परत गेला.

एक खाका आता माझ्या कचेरीत दाराआड टांगला आहे, पाठ बाहेर करून. परवा नव्या अंगणवाडीसाठी तो काढला, भिंतीला धरला आणि गेरू आपटला. टाचणीची भोकं त्या चौकटीतूनही गेली आहेत. भाऊंच्या नावातून गेरू पलीकडे गेला आणि भिंतीवर ढोल्याचं पोट उमटलं. डायरीतल्या त्या जुन्या खुणेवर गेरूचं बोट लागलं आहे. पुसलं नाही.