खडीच्या जागी खळं

घराच्या मागे खडी घालायची कल्पना माझीच. उगाच नवऱ्याच्या माथी मारणार नाही. आमचं घर रत्नागिरी शहराबाहेर, कातळावर. तिथे गवतसुद्धा पावसापुरतं येतं आणि आपलं आटोपून निघून जातं. चिखल नको, शेण नको, म्हणून मी ठेकेदाराला सांगितलं, मागीलदारी खडी टाका आणि वरून चांगला रोलर फिरवा. तो म्हणाला, "वहिनी, वीस वर्षं बघायला नको." शब्दाचा पक्का निघाला. पुढची सहा वर्षं तिकडे कोणी बघितलंच नाही. कपडे वाळत घालायलाही आम्ही गच्चीवर जायचो.

मग श्रावणात आई आली. गावी पडवीत पाय घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हा मीच तिला घेऊन आले. वडील गेल्यापासून ती तिथे एकटी होती. मुंबईचा भाऊ म्हणाला, तुळशीचं लग्न झालं की आईला कायमची माझ्याकडे नेतो. त्याचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. आईला तिथे जायचं नव्हतं, हे ती बोलली नाही तरी मला कळत होतं. पण लेकीच्या घरी मुक्काम ठोकणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. तिची पिशवी कॉटखाली भरलेलीच असायची. धुतलेलं पातळ घडी करून परत पिशवीत. मला ती माझ्याजवळ हवी होती. एवढं साधं वाक्य मला तिच्यासमोर म्हणता येत नव्हतं. आमच्या घरात असलं काही बोलत नाहीत, "जेवलीस का" विचारतात.

पहिल्या सकाळी ती मागचं दार उघडून खडीवर उतरली, दोन पावलं टाकून परत आली. "टोचतंय गो," एवढंच म्हणाली. त्यानंतर दिवसभर खिडकीत.

मी ठरवलं, मागीलदार आईसाठी नीट करायचं. नवरा सांगलीकडचा, काळ्या मातीत वाढलेला, त्यामुळे जमिनीतलं सगळं आपल्याला कळतं अशी त्याची समजूत. त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि जाहीर केलं, "हिरवळ लावू. आई अनवाणी फिरतील." पहार आणली, टिकाव आणला. रोलरखाली बसलेली खडी त्याला दाद देईना. पहार मारली की ठिणगी उडायची आणि पहार तशीच परत वर यायची. तीन रविवार त्याने खणलं. तळहाताला फोड आले, कमरेला पट्टा आला. चौथ्या रविवारी दोन गडी बोलावले. त्यांनी दिवसभरात सगळी खडी उचलली आणि तेवढा वेळ नवरा त्यांना टिकाव कसा धरायचा ते समजावत होता. मग लाल मातीचा डंपर, गांडूळखताच्या गोण्या, नर्सरीतून हिरवळीचे चौकोन. "माती भुसभुशीत पाहिजे, माती श्वास घेते," हे तो इतक्या वेळा म्हणाला की माझाच श्वास कोंडला. आई खिडकीतून बघायची. त्याने विचारलंच तर म्हणायची, "छान आहे हो."

ऑक्टोबरच्या उन्हाने बाकीचं काम केलं. वीतभर मातीखाली कातळ. पाणी घातलं की डबकं, नाही घातलं की तवा. दिवाळीत हिरवळ पिवळी पडली. आई एकदाही खाली उतरली नाही. तुळशीचं लग्न दहा दिवसांवर आलं, तेव्हा मी चिडले, आणि नेहमीप्रमाणे चुकीच्या माणसावर.

"आई, तुझ्यासाठी एवढं केलं, आणि तू पायसुद्धा ठेवत नाहीस!"

"माझ्यासाठी?" ती खरंच चकित झाली. "मला वाटलं जावईबापूंची हौस हाय."

"मग चुकतंय तर बोलायचं ना!"

"जावयाला कोण सांगणार चुकतंय म्हणून? मला एक खळं केलं असतंत तर पुरे होतं गो."

खळं म्हणजे आमच्याकडचं अंगण. पाऊस सरला की दरवर्षी ते नव्याने करतात. माती खणायची, भिजवायची, तुडवायची, चोपण्याने ठोकून ठोकून घट्ट करायची आणि वर शेणाने सारवायची. लहानपणी दरवर्षी मी ते केलंय. त्यातून सुटका हवी म्हणून तर खडी घातली होती. आईने जावयाला सांगायचं नाही, जावयाने सासूला तसदी द्यायची नाही, आणि मी दोघांनाही काही विचारायचं नाही, अशा थोर सभ्यतेत आमचे दोन महिने गेले होते.

"म्हणजे एवढी मऊ केलेली जमीन परत कडक करायची?" नवऱ्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने मेलेल्या हिरवळीचा एक चौकोन पायाने उलटला. मग खिडकीपाशी जाऊन म्हणाला, "आई, कसं करायचं ते तुम्हीच सांगा."

आई स्टूल घेऊन बाहेर बसली. आम्ही हिरवळ उपटली, पाणी मारलं, माती तुडवत गोल गोल फिरलो. चोपणं म्हणजे ठोकायची जाड फळी. ती शहरात कुठे मिळेना, म्हणून नवऱ्याने आपली जुनी क्रिकेटची बॅट काढली.

"अहो, थोपटताय काय, चोपा!" आई ओरडली आणि तिने लगेच जीभ चावली. नवरा हसत सुटला. मग ती स्वतःच उठली, मोडलेल्याच हातात बॅट घेतली आणि ओणवी होऊन सपासप सुरू झाली. मी "अगं, मनगट!" म्हणत मागे मागे. दूधवाल्याने शेण आणून दिलं. सारवण तिने कोणाला करू दिलं नाही.

झालेलं खळं खडीइतकंच कडक होतं. फक्त त्याच्यावर आई अनवाणी चालत होती.

तुळशीचं लग्न तिथेच लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. मी भांडी घासत होते, म्हणून स्पीकरवर ठेवला. "शनिवारी येतो. आईची तयारी ठेव." मी नळ बंद केला. पिशवी कॉटखाली भरलेलीच होती.

मागीलदारी आई तांदूळ निवडत बसली होती. तिथूनच म्हणाली, "त्याला सांग, ये, दोन दिवस राहा आणि जा. मला नाय जमायचं."

"का गं?" फोनमधून भाऊ.

"खळं केलंय. दर आठ दिवसांनी सारवायला हवं. पावसात ते उखडणार, मग दिवाळीला परत खणा, परत चोपा. दरवर्षीचं काम हाय ते. ह्या दोघांच्यानं नाय व्हायचं."

मी फोन ठेवला, ओले हात पदराला पुसले आणि खळ्यात उतरले. तिच्यासमोर उभी राहिले.

"आई, जेवलीस का?"

तिने सुपातून मान वर केली. "मघाशी तूच वाढलंस ना गो?"