जात राहू द्या, काम सांगा

“ताई, जात राहू द्या. काम सांगा याचं.” पुस्तकातल्या इंग्रजी शब्दाखाली नखानं रेघ ओढत मावशी असं म्हणायच्या.

पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये मी ऑफिसात होते आणि मावशी द्राक्षं निवडणाऱ्या बायांत. वय पन्नाशीला टेकलेलं. दहावीला बाहेरून बसलेल्या. बाकीचे विषय सुटले होते, इंग्रजी दोनदा राहिलं होतं. दहावी झाल्याशिवाय सुपरवायझर होता येत नव्हतं, आणि मावशींना व्हायचंच होतं. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा आणि पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी येत.

‘शब्दांच्या जाती ओळखा’ हा प्रश्न त्यांना पहिल्या दिवसापासून खटकला. “शब्दांनाबी सोडलं नाय का?” मी नाम, विशेषण, क्रियापद यांच्या व्याख्या पाठ करायला दिल्या. त्यांनी वही मिटली. “पाठ करूनच दोनदा नापास झाले. हा शब्द इथं काय करतो, तेवढं सांगा.”

मग मी ‘वॉटर’ हा शब्द दोन वाक्यांत लिहून दिला. एकात पाणी प्यायचं होतं, दुसऱ्यात झाडांना घालायचं होतं. त्यांनी दोन्हींखाली नखानं रेघ ओढली. “म्हंजी इथं हा नुसता बसलाय, आन् इथं राबतोय.”

त्याच हंगामात गेटजवळ नवी इंग्रजी पाटी लागली, ‘एम्प्टी क्रेट्स हियर’. रिकामे क्रेट इथं ठेवा, असं मॅनेजरना म्हणायचं होतं. एका नव्या टेम्पोवाल्यानं ती वाचली आणि द्राक्षांचे भरलेले चार क्रेट तिथंच सिमेंटवर ओतले.

मॅनेजर ओरडतच आले. “वाचता येत नाही तर विचारायचं! उद्यापासून येऊ नकोस.”

मावशी हातमोजे काढत पुढे आल्या. “साहेब, त्यानं बरोबर वाचलंय.”

“काय?”

“एम्प्टी म्हंजी रिकामं. आन् एम्प्टी म्हंजी रिकामं करा, असंबी हाय. तुमच्या पाटीत काम करणारा दुसरा शब्दच नाय. त्यानं ह्यालाच कामाला लावलं.”

मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं. “बरोबर आहे त्यांचं,” मी म्हटलं. मावशींनी मार्कर मागून घेतला आणि पाटीवर सुरुवातीला ‘कीप’ लिहिलं. अक्षरं तिरकी आली. टेम्पोवाला कामावर राहिला. सांडलेली द्राक्षं निवडायला मात्र टेम्पोवाला, मावशी आणि मी खाली बसलो.

तिसऱ्या खेपेला मावशींचं इंग्रजी सुटलं, अगदी काठावर. पेढे आणतील असं मला वाटलं होतं. त्या अकरावीचा फॉर्म घेऊन आल्या.

“सुपरवायझरचं पुढच्या वर्षी बघू,” मॅनेजर म्हणाले. मावशींनी पुढच्या वर्षाची वाट बघितली नाही. विंचूरकडच्या एका पॅकहाउसनं त्यांना सुपरवायझर म्हणून घेतलं. मी माझा डबा एकटीच खाऊ लागले.

परवा त्यांचा फोन आला. “ताई, हितल्या चौघींना दहावीला बसवलंय. पाचवी एक हाय, ती लय भेतीय. रविवारी या, बोला तिच्याशी.”

“बघते, जमलं तर…”

“बघते नाय. या.”

रविवारी मी विंचूरला एसटीतून उतरले. मावशी पॅकिंगच्या लाइनवर कामाला होत्या, त्यांना सुट्टी नव्हती. फाट्यावर त्यांनी पाठवलेल्या पाच बाया वह्या घेऊन उभ्या होत्या. त्यांतली भ्यालेली कोण, ते मला काही ओळखता आलं नाही.