सोनकांबळे मॅडमचे नापास

सोनकांबळे मॅडमच्या हातात कुठल्याही कंपनीचे माहितीपत्रक पडले की त्या ते आधी उलटे करीत. पुढच्या बाजूला शुभ्र दातांची एखादी बाई हसत असे. तिच्याकडे त्या ढुंकूनही पाहत नसत. मागे अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत काय छापले आहे तेवढे वाचत आणि कागद माझ्याकडे सरकवत म्हणत, "चोवीस तासांनी तपासलंय म्हणे. दात काय चोवीस तासांसाठी असतो?"

अंबरनाथच्या एमआयडीसीत दंतवैद्यांना लागणारे साहित्य बनवणारी एक छोटी कंपनी होती. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मालक डॉ. रामचंदानी यांचा दवाखाना उल्हासनगरला. कंपनी ही त्यांची हौस. मॅडम तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. रसायनशास्त्रात एम. एस्सी., बदलापूरला हेंद्रेपाड्यात आईबरोबर राहत. लग्न का केले नाही, असे कोणी विचारले तर "नमुने बरेच पाहिले" एवढेच उत्तर मिळे, आणि विचारणाऱ्याकडे त्या अशा बघत की तोही त्या नमुन्यांतच जमा होई.

दाताच्या वरच्या कडक थराला, म्हणजे एनॅमलला, चिकटद्रव्य किती घट्ट धरते हे मोजणे हे आमचे काम. दवाखान्यांतून काढलेले दात येत. ते साफ करून प्लास्टिकच्या ठोकळ्यात बसवायचे, वरचा भाग घासून सपाट करायचा, त्यावर आम्ल लावून धुवायचे. वाळला की तेवढा भाग खडूसारखा पांढरा दिसतो. त्यावर चिकटद्रव्य आणि वर दात भरायच्या मसाल्याचा बारीकसा खुंट. मग मशीनचे पाते त्या जोडावर हळूहळू दाब वाढवत नेते, आणि खुंट निसटतो तेव्हाचा दाब हा त्याचा निकाल. मी मॅडमच्या हाताखाली होते; मशीन मी चालवायचे.

एकदा ठाण्याचे एक नामवंत दंतवैद्य प्रयोगशाळा पाहायला आले. बोटांत अंगठ्या, बरोबर दोन विक्री प्रतिनिधी. आम्हाला शिकवायच्या उत्साहात त्यांनी स्वतः दाताला आम्ल लावले, धुतले, वाळवले आणि पांढरा भाग कसा छान उमटला हे दाखवताना त्यावरून अंगठा फिरवला. मग त्यावर आमचे चिकटद्रव्य लावून खुंट बसवला, पण मशीनवर जोड जरा दाब पडताच सुटला. "तुमचं मटेरियल कमजोर आहे," ते म्हणाले.

"मटेरियल दातापर्यंत पोचलंच नाही," मॅडम म्हणाल्या. "आपण आत्ता तुमच्या अंगठ्याच्या तेलाची चाचणी घेतली. ती नापास झाली."

प्रतिनिधी खिडकीबाहेर बघू लागले. ते डॉक्टर पुन्हा कधी आले नाहीत. मॅडमना त्याचे काहीच वाटले नाही. "एक अंगठा कमी झाला," त्या म्हणाल्या.

अशा बाईने स्वतःच एक चिकटद्रव्य तयार केले होते, हे मला फार उशिरा कळले. कित्येक वर्षे त्या त्यावर खपत होत्या. त्याला त्यांनी नाव दिले नव्हते. "ते पिवळं" म्हणत. त्याचे जोड चोवीस तास पाण्यात ठेवून आम्ही चाचणी घेतली, आणि आमच्याकडे येणाऱ्या परदेशी मालापेक्षा ते सरस निघाले. डॉ. रामचंदानी मिठाईचा खोका घेऊनच वर आले.

"मॅडम, इम्पोर्टेड को भी पीछे छोड दिया. आता बॉक्स छापायला देतो."

"तोंडात लाळ असते डॉक्टर. गरम चहा असतो, वर आइस्क्रीम असतं. आधी ते सोसू दे त्याला."

मिठाई आम्ही खाल्ली, मॅडमनी घेतली नाही. नमुने गरम आणि थंड पाण्यात आलटून पालटून बुडवले जाऊ लागले. काही नुसतेच कोमट पाण्यात महिनोन् महिने ठेवले. त्या काळात मॅडम रोज सगळ्यांच्या आधी येत आणि पाण्याचे तापमान स्वतः बघत. इतर कुठल्या मालासाठी मी त्यांना असे करताना पाहिले नव्हते.

मशीनवर पहिला जोड अगदी थोड्या दाबाला सुटला तेव्हा मला वाटले मीच ठोकळा वाकडा लावला. दुसरा सुटला, तिसराही सुटला. मॅडमनी भिंगाखाली पाहिले. चिकटद्रव्य दातावरून साफ निघून आले होते, मागमूसही उरला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "लोडशेडिंगमुळे झालं असेल. लाइट गेली की पाणी थंड होतं."

"शक्य आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी हीटरला इन्व्हर्टर जोडून घेतला आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून केले. निकाल तोच आला.

त्या दुपारी मी चहा घेऊन आत गेले तेव्हा त्या एक ठोकळा तळहातावर ठेवून बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चांगलं वाटत होतं गं." त्यांच्या तोंडून तिरकसपणा नसलेले असे वाक्य मी प्रथमच ऐकले. मग त्यांनी पेन उचलले आणि दुसऱ्याच्या मालावर लिहीत तशाच अक्षरांत "नापास" लिहिले.

डॉक्टरांनी अहवाल वाचून बाजूला ठेवला. "पण एक दिवसाचा आकडा झूठ तो नहीं है ना?"

"नाही. खरा आहे. म्हणून तर तो छापला की कोणी शंका घेणार नाही."

"सगळे तसंच करतात, मॅडम."

"करतात. त्यांना मी काय म्हणते ते तुम्ही ऐकलंय."

डॉक्टरांनी बॉक्स छापले नाहीत. एवढे श्रेय त्या माणसाला द्यायला हवे. पण त्यांची हौसही तिथेच संपली. वर्ष सरायच्या आत ते परदेशी माल आणून विकू लागले. ज्या मालाला मॅडमनी नाके मुरडली होती, त्याचीच खोकी प्रयोगशाळेत छतापर्यंत रचली गेली आणि मशीनवर धूळ बसली. मॅडमना त्यांनी नवे काम देऊ केले: दंतवैद्यांना भेटून त्या मालाचे गुण सांगायचे.

"मला चांगल्याला चांगलं म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या, "वाइटाला कुठून म्हणू? दुसरं कोणी बघा." आणि डबा पिशवीत घालून त्या निघाल्या.

पुढे त्या बदलापूरला खासगी क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवू लागल्या. खरवईला नवी इमारत झाली, तिथे आईला घेऊन राहायला गेल्या. मीही दुसऱ्या प्रयोगशाळेत लागले होते. तिथे एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माल मी नापास केला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर मला झापले. तो रविवार मला घरी काढवेना, म्हणून मॅडमकडे गेले.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. उत्तरपत्रिका तपासणे मात्र थांबवले नाही.

"साहेब म्हणाले, एवढा अहंकार बरा नाही," मी सांगितले.

"अहंकार असता तर पास केलं असतंस," त्या म्हणाल्या. "स्वतःवर इतका भरवसा असलेल्या माणसाला तपासायची गरजच वाटत नाही."

मग त्यांनी उत्तरपत्रिका मिटल्या, आत गेल्या आणि चहाचे दोन कप घेऊन आल्या.

"घे. मी केलाय, तेव्हा फारसा बरा नसेल."