गिरणीचे नऊ मार्क

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिलाच भेटायला लाखांदूरच्या एसटीत बसले होते. आदल्या दिवशीच ती फोनवर म्हणाली होती, "लवकर ये, नाहीतर मार्क कापीन!" शिक्षिका असलेली माझी इंदूआत्या अख्खी हयात मार्कांतच बोलली. वरण अळणी झालं तर चार, कुणाच्या लग्नात बँड बरा वाजला तर साडेसहा. दहापैकी दहा तिनं कुणालाच दिले नाहीत, देवालासुद्धा नाही. आता महिना होत आला. रडून झालं, आणि तिची आठवण आली की हसूच येतं... तिला चालेल ते.

सातवीत ती माझी वर्गशिक्षिका होती, आणि राहायची आमच्याच घरी. घरी आत्या, शाळेत बाई. मला पहिला नंबर हवा म्हणजे हवाच होता, आणि मध्ये आडवी होती ती फक्त वर्गातली शालू. सगळं विज्ञानाच्या प्रकल्पावर अडलं होतं. माझ्या बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. त्यांनी धान भरडायची छोटी गिरणी अशी बनवून दिली की बटण दाबताच पट्टा गरगर फिरायचा. मी फक्त रंग दिला. शालूचे मायबाप दिवसभर रोवणीला, भाताची रोपं लावायला. तिनं एकटीनंच मातीचा तलाव आणि धानशेतीच्या छोट्या बांध्या केल्या. तलाव एका बाजूनं गळत होता. बाईंनी शालूला आठ दिले आणि मला, सख्ख्या भाचीला... दोन!

मी भोकाड पसरलं. दुसऱ्या दिवशी बाबा तणतणत शाळेत हजर. "काहून वं इंदू, घरच्याच पोरीले दोन?"

"दोन रंगाचे हायेत, दादा. गिरणी झकास झाली, तिचे दहापैकी नऊ. पण ते तुले. शालूच्या घरी कोणतं दुकान हाये? गिरणीचे मार्क पोरीले देल्ले तं मी पोरगी मोजली का तिचा बाप?"

बाबा तिथूनच माघारी फिरले. पहिला नंबर शालूचा आला. राग आला ना, कसा नाही येणार! आठवडाभर मी घरीसुद्धा आत्याला "बाई" अशीच हाक मारली. ती पोळ्या लाटता लाटता "हजर" म्हणायची. पण त्यानंतर सगळे प्रकल्प तिनं वर्गातच बसून करायला लावले. माझ्या पुठ्ठ्याच्या बैलबंडीचं एक चाक काही केल्या फिरेना. सहा मिळाले. ते सहा मी गावभर सांगत फिरले, कारण ते माझे होते.

तेरवीला पाहुणे पांगल्यावर बाबा तिच्या खोलीत एकटेच बसलेले दिसले. टेबलावर तिचं लाल पेन तसंच होतं. मी विचारलं, "बाबा, तेव्हा शाळेत तुम्ही भांडाले गेले अन् तसेच परत काहून आले?"

डोळे पुसून बाबा चक्क हसले. "सातवी नापास मी. शाळेत मले कोणी कधी बरा म्हटलं नाही. पैल्यांदा दहापैकी नऊ भेटले, मंग भांडू कायले? अन् भाऊ म्हणून नाही देल्ले तिनं... तपासून देल्ले."